मागच्या तारखांच्या सह्या

तिला सगळे चिमणी म्हणत. वय अडतीस, हाडापेराने धट्टीकट्टी, ओल्या चादरींचं गाठोडं एकटीने उचलणारी; पण आवाज असा की शेजारी उभ्या असलेल्या बाईलाही "काय म्हणालीस?" असं दोनदा विचारावं लागे. दवाखान्यांचे कपडे धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत ती तेरा वर्षं काम करत होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले असं सगळं गाड्या भरभरून यायचं, यंत्रात धुतलं जायचं आणि ओलसर असतानाच रोलरमधून जायचं. रोलर म्हणजे भिंतीएवढे लांब, तापलेले, एकमेकांना चिकटून फिरणारे दोन लोखंडी रूळ. अलीकडून दोघीजणी चादरीची टोकं धरून ती रुळांच्या तोंडाशी द्यायच्या, पलीकडून दोघीजणी कडक इस्त्री झालेली चादर घडीला घ्यायच्या. चिमणी पलीकडची. घडीची कड वाकडी गेली तर ती चादर चिमणीची नाही, असं तिथे डोळे झाकून सांगत.

एका सोमवारी सकाळी मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावलं.

"या, बसा," तो म्हणाला.

तेरा वर्षांत त्याने तिला 'बसा' म्हटलं नव्हतं. ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"मुकादम सोडून गेले, तुम्हाला माहीतच आहे. आता वरून हुकूम आहे, बायकांना पुढे आणा म्हणून. मी म्हटलं, आपल्याकडे चिमणीबाई आहेत. शांत आहेत, जुन्या आहेत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शुक्रवारी नेमणुकीच्या कागदावर सही करा, झालात मुकादम."

मॅनेजरने टेबलावरचं एक लांबट रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं.

"आणि हे तेवढं भरून टाका. रोज सकाळी यंत्र तपासल्याची सही असते ना, ती. मुकादम दोन महिने सही न करताच गेले. पुढच्या मंगळवारी दवाखान्याचे तपासनीस येणार. तुमची नेमणूक आपण दोन महिन्यांपूर्वीपासूनच दाखवू, म्हणजे सगळं नियमात बसेल."

रजिस्टर उघडंच होतं. डावीकडे तारखा, मध्ये छापील ओळ – 'रोलरची पट्टी तपासली, चालू आहे' – आणि उजवीकडे सहीसाठी रिकामी जागा. साठ रिकाम्या जागा. चिमणीने हात पदराखाली घेतले आणि "विचार करून सांगते," एवढं पुटपुटली.

"काय म्हणालात?" मॅनेजरने विचारलं.

त्या ओळीत पट्टी म्हटली होती ती रुळांच्या तोंडासमोर आडवी बसवलेली लाल लोखंडी पट्टी. चादर देताना हात जरा जास्त पुढे गेला, तर तो आधी या पट्टीवर आपटावा आणि रोलर जागच्या जागी थांबावा, अशी ती योजना. पण जाड चादरीची घडी अडकली तरी पट्टी दाबली जायची, यंत्र थांबायचं, ते पुन्हा सुरू करायला दहा मिनिटं जायची, आणि दारात गाड्या खोळंबायच्या. म्हणून पट्टी वरच्या लोकांच्या डोळ्यांत खुपायची.

सहा वर्षांपूर्वी तिथे एक मुकादमबाई होती, त्या जागेवर बसलेली पहिली बाई. कामाला वाघ, बोलायला फटकळ. एका दुपारी सगळ्या जेवायला गेल्या असताना चिमणी विसरलेला डबा घ्यायला परत आली आणि तिने पाहिलं, की फिटर रोलरच्या बाजूची लोखंडी पेटी उघडून आत तांब्याची तार जोडतोय आणि मॅनेजर त्याच्या डोक्याशी उभा आहे. तार जोडली की पट्टी मेली. दाबा नाहीतर लाथ मारा, रोलर फिरतच राहणार. चिमणी टोपल्यांच्या चळतीमागे उभी राहिली आणि पाय न वाजवता निघून गेली. त्याच दिवशी चार वाजता लंबूचा डावा हात रुळांत गेला.

लंबू म्हणजे त्यांच्यातली सगळ्यांत उंच, सगळ्यांत हसरी बाई. ती किंकाळी चिमणीच्या कानात अजून होती. लंबूची चार बोटं गेली, अंगठा राहिला. चौकशी झाली. रजिस्टरमध्ये त्या सकाळची मुकादमबाईची सही होती, 'पट्टी तपासली, चालू आहे.' आणि हात गेला तेव्हा पट्टीने रोलर थांबवला नव्हता. म्हणजे बाईने न तपासताच सही केली, असं ठरलं. तार तर चौकशीआधीच काढून टाकलेली होती. मुकादमबाई ओरडून सांगत होती, "मी सकाळी सातला तपासली होती! दुपारी कोणीतरी काहीतरी केलंय! चिमणीला विचारा, ती दुपारी आत आली होती!" चिमणीला याच केबिनमध्ये बोलावलं. फिटर बाजूच्या स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होता. "तू काही पाहिलंस?" मॅनेजरने विचारलं. "नाही," ती म्हणाली. आणि हा एक शब्द ती इतका स्पष्ट बोलली, की लिहून घेणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

मुकादमबाईची नोकरी गेली. लंबूला गाठोडी मोजायच्या खिडकीवर बसवलं. तिचा समज एकच: मुकादमबाईच्या कामचुकारपणामुळे आपला हात गेला. त्या बाईचं नाव निघालं तरी ती थुंकायची. आणि हे चिमणी सहा वर्षं ऐकत होती.

घरी तिने मुकादमपदाचं सांगितलं तेव्हा नवरा खूश झाला. तो शाळेची बस चालवायचा, सरळ माणूस. "अगं, मग तोंड का पाडून बसलीस? लोक देव पाण्यात घालून बसतात अशा जागेसाठी." सासूबाई मात्र भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "इतकी वर्षं 'ए, इकडे ये' आणि आता 'या, बसा'? खुर्चीला खिळा असेल बरं का. बसण्याआधी हात फिरवून बघ."

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत चिमणीने हात फिरवून बघितला. सगळ्या बाहेर गेल्यावर ती रोलरच्या बाजूला गुडघ्यांवर बसली. पेटीचं झाकण सैलच होतं. आत तांब्याची तार, नवीकोरी, चकचकीत. म्हणजे गेले किती दिवस, किती महिने, अलीकडे उभ्या राहणाऱ्या पोरी मेलेल्या पट्टीच्या भरवशावर हात पुढे करत होत्या!

"काय शोधतेस, चिमणे?"

फिटर मागे उभा होता. हातात पाना. चेहऱ्यावर हसू, डोळ्यांत मात्र नाही.

"कानातलं पडलं," ती म्हणाली.

"दोन्ही कानांत तर आहे." तो वाकला, झाकण बंद केलं आणि तिच्या अंगावरून हात नेत स्क्रू पिळू लागला. "तेव्हा तू टोपल्यांमागे होतीस, ठाऊक आहे मला. शहाणी निघालीस. शहाणं माणूस वर चढतं. आता मध्येच येडी होऊ नकोस. नाहीतर लंबूला मीच सांगेन, की बाई, हिने पाहिलं होतं आणि तुला सांगितलं नाही. त्यानंतर लंबू तुझं काय करेल ते तू बघ."

त्या दुपारी चिमणीच्या घड्या वाकड्या गेल्या. अलीकडे चादर देणाऱ्यांत एक नवी पोरगी होती, बावीस वर्षांची; तिला सगळ्या 'नवी'च म्हणत. ती बोलत, हसत, न बघता चादर सारायची. तिची बोटं रुळांजवळ गेली की चिमणीच्या हातातली घडी अर्धवट राही. "सांभाळ गं," ती पलीकडून म्हणे. आवाज रोलरच्या घरघरीत विरून जाई.

पद नको म्हणावं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. सुंठीवाचून खोकला गेला तर बरंच. पण बुधवारी काम सुटल्यावर तिचे पाय आपोआप उलट्या दिशेने वळले, गावाच्या टोकाला, मुकादमबाईच्या घराकडे.

मुकादमबाई आता नोकरदारांची लहान मुलं सांभाळायची. दार उघडलं आणि चिमणीला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. आत जमिनीवर एका रांगेत पाच मुलं झोपली होती. "आताच डोळा लागलाय त्यांचा," ती कुजबुजली. "जो आवाज करेल त्याचा गळा धरीन. बोल, काय काम काढलंस?"

त्यामुळे सहा वर्षं साठलेलं सगळं बोलणं कुजबुजीतच झालं. चिमणीने तार सांगितली, टोपल्या सांगितल्या, ते 'नाही' सांगितलं. मुकादमबाईचा चेहरा लालबुंद झाला, मानेवरची शीर फुगली, पण आवाज वर गेला नाही.

"तू आत आली होतीस एवढंच मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "डोळ्यांनी पाहिलंस हे आज कळतंय. लोक मला बघून रस्त्यात तोंड फिरवायचे, चिमणे. माझ्या भावाने सुद्धा विचारलं, 'खरंच तपासलं होतंस ना?' सख्ख्या भावाने!"

"मला माफ..."

"माफीबिफी नको मागूस. माझा राग जायला वेळ लागेल, कदाचित जाणारही नाही. तुझी पोर तेव्हा सहा महिन्यांची होती, तू घाबरलीस, हे मला कळतं. कळणं वेगळं आणि राग जाणं वेगळं." एक मूल चुळबुळलं. तिने हात लांब करून त्याला थोपटलं. "आता का आलीस ते सांग."

"पद नको म्हणून सांगणार आहे."

"आणि मग? ते कुणाला बसवतील?"

चिमणीला उत्तर माहीत होतं. नवीला. ती न वाचता सही करते, हसत करते.

"बळीचा बकरा त्यांना हवाच आहे," मुकादमबाई म्हणाली. "तू नाही तर दुसरी. बायकांना पुढे आणा म्हणे! खड्डा दिसला की पुढे आणायचं, रस्ता दिसला की मागे. ऐक. पद घे. मागच्या तारखांवर एक सही करू नकोस, मान कापली तरी. त्या रिकाम्या जागांवर आडवी रेघ मार आणि खाली आजची तारीख घाल. आणि पट्टी तपासायची ती रोलर चालू असताना, सगळ्यांच्या देखत. माझी चूक ठाऊक आहे? मी एकटी तपासायचे. सकाळी सातला, कोणी यायच्या आत. मला वाटायचं, मुकादम म्हणजे सगळं आपण एकटीने करायचं. पट्टी कशी तपासतात हे मी एकीलाही शिकवलं नाही. मग साक्ष कोण देणार?"

"मला भीती वाटते हो."

"वाटणारच. मलाही रोज वाटायची, तुम्हाला दिसू दिली नाही एवढंच. आणि एक राहिलं. लंबूला आधी तू सांगायचं. फिटरच्या तोंडून कळायच्या आत. ते केल्याशिवाय पुढचं काही करू नकोस."

चिमणी उठली. मॅनेजर, फिटर, नोकरी, यातलं काहीच तिला लंबूइतकं भयंकर वाटत नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती खिडकीशी गेली. लंबू मळकी गाठोडी मोजत होती. उजव्या हाताने पेन, डाव्या अंगठ्याने कागद दाबलेला. चिमणीने उभ्या उभ्या सांगितलं. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. लंबूने एकदाही "काय म्हणालीस?" असं विचारलं नाही. सगळं ऐकू गेलं होतं.

तिने कागदावरचा आकडा पुरा केला. मग म्हणाली, "किती वाजता जोडली तार?"

"एक-सव्वाला."

"आणि माझा हात चारला गेला."

"हो."

"म्हणजे पावणेतीन तास." लंबूने पेन खाली ठेवलं. "पावणेतीन तास तू माझ्या समोर उभी राहून माझ्या चादरींच्या घड्या घालत होतीस."

चिमणीला वाटलं, आता ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. लंबू फक्त म्हणाली, "जा. माझी मोजणी चुकेल."

शुक्रवारी मॅनेजर नेमणुकीचा कागद आणि रजिस्टर घेऊन स्वतःच रोलरजवळ आला. सगळ्यांसमोर हार-तुरे झाल्यासारखं दिसावं म्हणून असेल. "चला, आपल्या नव्या मुकादम!" त्याने टाळ्या वाजवल्या. बायकांनीही वाजवल्या. नवी तर शिट्टी मारणार होती.

चिमणीने कागदावर सही केली. मग तिने रजिस्टरातल्या रिकाम्या जागांवर वरपासून खालपर्यंत रेघ ओढली आणि आजची तारीख घातली.

"हे काय?" मॅनेजरचं हसू मावळलं.

"पट्टी तपासते," ती म्हणाली.

"काय?"

तिने पुन्हा सांगितलं नाही. नवीला बाजूला केलं, कपडे ढकलायची लाकडी काठी घेतली आणि रोलर फिरत असताना लाल पट्टी जोरात दाबली. रूळ फिरतच राहिले. पुन्हा दाबली. रूळ फिरत होते, वाफ येत होती, एक चादर शांतपणे आत जात होती. अलीकडे उभ्या राहणाऱ्या दोघींचे चेहरे पांढरे पडले. नवीने आपले दोन्ही हात काखेत घातले.

मॅनेजर ओरडत होता, फिटर धावत येत होता. चिमणी बोलायला गेली, पण त्या घरघरीत तिचं तिलाही ऐकू येईना. तेव्हा ती भिंतीपाशी गेली आणि मुख्य बटण खाली ओढलं. त्या बटणाला साहेबाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, असा दंडक होता. रोलर, धुण्याची यंत्रं, पंखे, सगळं एकदम थांबलं. तेरा वर्षांत कामाच्या वेळी तिथे अशी शांतता कोणी ऐकली नव्हती.

"पेटीत तार आहे," चिमणी म्हणाली, आणि ते खोलीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "सहा वर्षांपूर्वीही होती. या फिटरने जोडली, साहेब शेजारी उभे होते. मी पाहिलं. मी खोटं बोलले."

"तू शुद्धीवर आहेस का?" मॅनेजरचं 'तुम्ही' कुठच्या कुठे पळालं होतं. "इतकी वर्षं मूग गिळून बसलीस आणि आज? कोण विश्वास ठेवील तुझ्यावर?"

"मी," दाराकडून आवाज आला. लंबू दारात उभी होती. रोलरच्या खोलीत ती सहा वर्षांत आली नव्हती, उंबऱ्याबाहेरच थांबली. "आणि मी ते लिहून देणार आहे. दवाखान्याच्या तपासनिसांना. पेटी उघडा, सगळ्यांना बघू दे."

फिटर पेटीकडे सरकला, पण त्याच्याआधी दोघीतिघी तिथे जाऊन बसल्या होत्या.

"बटण चालू कर आणि घरी जा," मॅनेजर दात आवळून चिमणीला म्हणाला. "यायचं की नाही ते कळवतो."

"बटण नाही चालू करणार," ती म्हणाली. मग घरी गेली.

त्यानंतरचे चार दिवस फार वाईट गेले. जिन्यात पाऊल वाजलं की ती उठून उभी राहायची. फोन वाजला की हातातलं भांडं खाली पडायचं. आपणच फिर्यादी आणि आपणच आरोपी, असं झालं होतं. सहा वर्षांपूर्वी खोटी साक्ष दिली म्हणून आपल्यालाच धरतील, असं तिला सारखं वाटे. नवरा पहिल्या दिवशी चिडला, दुसऱ्या दिवशी गप्प झाला, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" सासूबाई म्हणाल्या, "खिळा होता तर! बरं झालं, लुगडं फाटलं, अंग वाचलं."

मंगळवारी संध्याकाळी नवी धापा टाकत घरी आली. तपासनीस आले होते. लंबूने कागद दिला, त्यावर अकराजणींच्या सह्या होत्या. फिटरने पहिल्याच प्रश्नाला साहेबाकडे बोट दाखवलं. तार काढली, पट्टी दुरुस्त झाली, साहेबाला वरून बोलावणं आलंय. "आणि तुम्हाला उद्या यायला सांगितलंय. मुकादम म्हणून."

चिमणीला आनंद झाला का, हे तिला सांगता आलं नसतं.

पुढच्या काही दिवसांत मुकादमबाईलाही नोकरी परत देऊ केली. तिने निरोप पाठवला की मला त्या दारात पाय ठेवायचा नाही. पण रविवारी दोघी-दोघींनी घरी या, रजिस्टर कसं ठेवायचं, रोलरला वाफ पुरवणाऱ्या बॉयलरचा काटा कसा वाचायचा, साहेबाला लेखी कसं द्यायचं ते शिकवते, असंही तिने कळवलं. मुलं नसतात त्या दिवशी, तेव्हा ओरडून शिकवता येईल, असा शेवट होता. नवीने सगळ्यांत आधी नाव दिलं.

त्याआधी, दुसऱ्याच दिवशी, बुधवारी सकाळी चिमणी कामावर गेली. रजिस्टरात तिने सहीच्या जागेशेजारी आणखी एक जागा आखली होती. रोज दोन सह्या. दुसरी दर आठवड्याला वेगळ्या बाईची. "पहिला आठवडा कोण घेतं?" तिने विचारलं. कोणी पुढे येईना. मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्यासारखंच होतं ते.

मागून लंबू आली. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली, मग आत आली, थेट रोलरपर्यंत. रूळ फिरत होते, गरम हवा तोंडावर येत होती. लंबूच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. "काठी घे," चिमणी म्हणाली. लंबूने काठी घेतली नाही. डावा हात उचलला आणि अंगठ्याने पट्टी दाबली.

रोलर थांबला.

लंबूने उजव्या हाताने सही केली, पेन परत दिलं आणि चिमणीकडे न बघता खिडकीकडे निघून गेली. कामापुरतं बोलणं सोडलं तर पुढेही ती चिमणीशी कधी फारशी बोलली नाही. पण त्या आठवड्यातल्या प्रत्येक दिवशी ती सातला हजर होती.

चिमणीने तिच्या सहीशेजारी आपली सही केली आणि बॉयलरकडे गेली. तो बघायचा राहिला होता.